एकसारख्या निळ्या बाटल्या

पाण्याची बाटली घेणं हे काय काम आहे, असं मलाही वाटायचं. दुकानात जायचं, एक उचलायची, घरी यायचं. पण आईला घेऊन डोंगरावर मुक्कामाला जायचं ठरलं आणि त्या एका बाटलीनं माझं डोकं पार उठवलं.

२००७ साल असावं. मी पुण्याबाहेर भुकूमला राहत होते. एका शेतकरी कुटुंबानं गोठा पाडून ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि त्या आमच्यासारख्या नोकरदारांना भाड्यानं दिल्या होत्या. त्यातली कोपऱ्यातली माझी. आई लातूरहून माझ्याकडं आली होती ती विश्रांतीला. त्याच थंडीत तिचा मुतखडा काढला होता. खडा उठला तेव्हा ती अंथरुणावर नुसती लोळत होती, आणि मी तिचे पाय धरून बसले होते. पुन्हा ते बघायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी प्या. औषधं नंतर, आधी पाणी.

आणि हिला डोंगरावर जायचं होतं. त्याला कारण मीच. फोनवर मी तिला सांगत असे, आज या टेकडीवर गेलो, वरून पलीकडच्या धरणाचं पाणी दिसलं, नजर पोचत नाही एवढं पाणी. आमच्या गावाकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि ते भरण्यात तिचा जन्म गेलाय. घागरी, हंडे, टाकी, जे दिसेल ते भरून ठेवायचं. ती म्हणाली, "एवढं पाणी एकदा वरून बघायचंय मला. भरायचं नाही, नुसतं बघायचं." आता याला कोण नाही म्हणेल? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाऊ द्या, हळूहळू चढू द्या, पण थोड्या थोड्या वेळानं पाणी पोटात गेलंच पाहिजे. उन्हात चालल्या आणि पाणी टाळलं, तर वरच कळ उठेल, मग खाली कसं आणायचं ते तुम्ही बघा.

म्हणजे सगळं त्या पाण्यावर आलं. म्हणून बाटली.

आईची पाणी प्यायची पद्धत अशी की भांड्याला ओठ लागता कामा नये. मान मागं, भांडं वर, आणि धार सरळ घशात. ओठ लागला की भांडं उष्टं, आणि उष्टं भांडं घासल्याशिवाय पुन्हा हातात घ्यायचं नाही. बाटलीला तोंड लावून पिणारी माणसं तिला घरात चालतात, त्यांची बाटली चालत नाही. मी स्वतः बाटलीला तोंड लावते, त्यामुळं माझी बाटली तिला बाद.

पहिल्यांदा मी कोथरूडहून नळीवाली आणली. झाकणातून नळी वर येते, ओढायची आणि प्यायचं. तिनं ती नळी खालवर करून बघितली. "हे चोखायचं? मी काय तान्हं लेकरू हाय का?" ती बाटली मी ऑफिसात नेली. मग मोठ्या तोंडाची आणली, आत हात घालून घासता येईल अशी, दुकानदारानं तेच कौतुक सांगितलं होतं. आईनं मान मागं केली, बाटली तिरकी केली, आणि भसकन सगळं पाणी नाकात, गळ्यात, पदरावर. ठसका लागून ती बसली आणि मी फडकं घेऊन पुसत बसले. घरमालकीण दारातून हे बघत होती. ती म्हणाली, "येवढं काय त्याचं? कोल्ड्रिंकची बाटली धुवून घ्या की. आमी शेतात तीच नेतो." धुतली. राखेनं धुतली, लिंबानं धुतली, उन्हात पालथी ठेवली. तरी पाण्याला संत्र्याचा वास. आई म्हणाली, "वास यायला." म्हटलं, वास येतोय, विष नाही येत. तरी ती प्यायली नाही.

मग कुणीतरी सांगितलं, जुन्या बाजारात लष्करातल्या बाटल्या मिळतात, वर जाड लोकरी कापड असतं, ते ओलं केलं की पाणी गार राहतं. रविवार घालवून ती आणली. आईनं ती लांबूनच बघितली आणि विचारलं, "कुणाची असंल?" मी म्हटलं, आता ती आपली आहे. "आधी कुणाची होती?"  ती बाटली आजही माझ्याकडं आहे, तिच्यात मी पैसे टाकते.

शेवटी मी तिलाच घेऊन पुण्यात कँपातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं एक रबरी पिशवी दाखवली. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायची, तिची नळी खांद्यावरून पुढं येते, चालता चालता दातानं दाबायची. "आँटी, हात लावायचीसुद्धा गरज नाही," तो म्हणाला. आईनं नळीच्या टोकात डोकावून बघितलं. "हे आतून घासायचं कसं?" पोरगा माझ्याकडं बघायला लागला आणि मी त्याच्याकडं. खरंच, कसं घासायचं? आम्ही बाहेर आलो. रिक्षात मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुला डोंगर चढायचाय का बाटल्यांची परीक्षा घ्यायचीय? महिना झाला मी वणवण करतेय, तू प्रत्येकीला नाक मुरडतेस, आणि तिकडं वर तुला कळ उठली तर मी कुणाच्या नावानं बोंब मारू?

 घरी आल्यावर तिनं आपल्या पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला. स्टीलचा, अरुंद गळ्याचा, झाकण आट्यांवर फिरवून घट्ट बसणारा, वर कडी. लग्नाला, देवाला, दवाखान्यात, जिथं गेली तिथं तो तिच्याबरोबर गेलेला. मी उलटा करून हलवला, थेंब सांडला नाही. तिनं मान मागं करून धार घेतली, थेंब सांडला नाही. जड होता, पण जड तर जड.

"हा होता तर आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कुटं? तू आणायलीस, मी बघायले."

डोक्यात सणक गेली, पण हसूही आलं. ठरलं, तांब्या. त्याच्याबरोबर तिनं ती संत्र्याच्या वासाची बाटलीही पाणी भरून पिशवीत तळाला टाकलेली मी बघितली. कशाला ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बाईमाणसाला झाडीत जायचं तर हातात पाणी लागतं, साध्या लघवीलासुद्धा, आणि त्या कामाचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत नाहीत. हे आम्ही एकमेकींना सांगत बसत नाही. मी मनात म्हटलं, चला, एक तरी बाटली कामाला आली.

आमच्या ऑफिसातल्या एका टीम लीडनं हा मुक्काम काढला होता. रिह्याच्या खोऱ्यातून वर चढायचं, माथ्यावर तंबू ठोकायचे, सकाळी उतरायचं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीची सिस्टिम करायची खोड. रिहे हे माझ्या घरमालकिणीचं माहेर, त्यामुळं ती आमच्याच गाडीतून आली आणि गाड्या तिच्या भावाच्या अंगणात लावल्या. भात निघून गेला होता, खाचरं कोरडी पडली होती, ऊन आत्ताच चटकायला लागलं होतं. लीडरनं डिकी उघडली तर आत खोकं भरून निळ्या बाटल्या. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, निळ्या झाकणाच्या. म्हणाला, वर पाणी नाही, टाक्यात आहे ते हिरवं आहे. म्हणून सगळं पाणी या बाटल्यांत, प्रत्येकाच्या पाठीवर सारखं वजन, आणि वर गेल्यावर सगळ्यांचं पाणी एकत्र. ज्याला तहान लागेल त्यानं समोरची कुठलीही उचलायची. वरून धार धरायची, म्हणजे उष्ट्याचा प्रश्नच मिटला. हे ऐकून आईनं चक्क मान डोलावली.

"बाकी बाटल्या-बिटल्या सगळ्या इथं ठेवायच्या," तो म्हणाला. "माझा हिशेब कधी चुकत नाही. दर ट्रेकला पाणी उरतंच. मुली तर पितच नाहीत, त्यांना मुळात तहान कमी असते."

बरोबर आमच्या ऑफिसच्या टेस्टिंग विभागातल्या दोन पोरी होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि बुटांच्या नाड्या बांधल्या.

मी म्हटलं, आईला तिचं भांडं लागेल. तो म्हणाला, "काकूंना पण तेच पाणी आहे ना? एकीला सूट दिली की सगळे आपापलं काढतील." म्हटलं, पिण्याचा प्रश्न नाही. "मग कसला आहे?" आता याला काय सांगायचं, भर अंगणात, पाचसहा पोरं सॅक बांधत उभी असताना? माझी जीभ बाकी वेळी कात्रीसारखी चालते, तिथं नेमकी अडली. आईनं माझा दंड धरला. "राहू दे गं. कशाला तमाशा." तिनं स्वतःच तांब्या आणि ती बाटली काढून ओट्यावर ठेवली. घरमालकीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितं, तांब्या काय कुटं पळून जात न्हाई." मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "पर ती बाटली तरी न्यायची व्हती. बाईमाणसानं हात हलवत वर जायचं व्हय?"

चढताना मी आईच्या मागं भुंग्यासारखी लागले. पी. आता पी. त्या करवंदीच्या जाळीपाशी थांब आणि पी. पिलीस का? किती पिलीस? ती निमूट मान मागं करायची, धार घ्यायची. एकदाही नाही म्हणाली नाही. मला वाटलं, जिंकले. पोरी माझ्या पुढंच चालत होत्या. त्या ओठ ओले केल्यासारखं करून बाटली परत खोचायच्या, तेही मला दिसत होतं, पण माझं सगळं लक्ष आईवर.

दुपार कलताना माथ्यावर आलो. पाणी बघायचं ठिकाण आणखी पुढं, सपाटीच्या टोकाला होतं. लीडर म्हणाला, आधी तंबू, मग सगळे मिळून जाऊ. त्यानं एका खडकाच्या सावलीत सगळ्या बाटल्या रांगेत मांडल्या. काही भरलेल्या, बऱ्याच अर्ध्यामुर्ध्या, आणि सगळ्या निळ्या. मी तंबूच्या खुंट्या ठोकत होते. जमीन कसली, नुसता कातळ, खुंटी वाकायची पण आत जायची नाही. माझा पारा त्या खुंटीवरच चढला होता.

तेवढ्यात एक पोरगा जाळीच्या बाजूनं आला. संकोचून हसत होता. म्हणाला, मी तिकडं चाललो होतो, तर दगडावर आपलीच एक निळी बाटली ठेवलेली दिसली. म्हटलं कुणीतरी आहे, म्हणून परत फिरलो. आता गेलो तर तिथं बाटली नाही. "म्हणजे ती रांगेत परत आलीय. पण यातली कोणती?"

सगळ्यांनी रांगेकडं बघितलं. ज्याच्या हातात बाटली होती त्यानं ती खाली ठेवली. बास, तिथून कुणी पाण्याला हात लावला नाही. पाणी तेच होतं, बाटल्या त्याच होत्या, झाकणंही बंद होती. सगळे शिकलेले, दोघं तर परदेशात राहून आलेले. पण जाळीत जाऊन आलेली बाटली कोण तोंडावर धरणार? आणि कुठली ते माहीत नाही म्हटल्यावर सगळ्याच तशा झाल्या.

लीडर वैतागला. "कोणी नेली होती? सांगून टाका, ती बाजूला काढू, विषय संपला." कोण सांगतंय? पोरी तंबूच्या दोऱ्यांकडं बघत बसल्या. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. तो पुन्हा म्हणाला, मी तर सगळ्या नीट रांगेत लावल्यात, एक इथंच पलीकडच्या दगडापाशी वेगळी पडली होती, तीसुद्धा उचलून रांगेत लावली मी.

मग मीही सुटले. खुंटीचा राग, बाटल्यांचा राग, त्याच्या सिस्टिमचा राग. म्हटलं, ज्यानं कुणी नेली त्यानं सरळ सांगावं की, लाज कसली? इथं एक आजारातून उठलेलं माणूस आहे, तिला पाणी पाहिजे, आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात. मघापासून तिच्या पोटात घोटभर गेलेलं नाही. तिला आता कळ उठली तर तिला कोण उचलून नेणार, तुम्ही? माझा आवाज त्या माथ्यावर चांगलाच घुमला. मी आईकडं वळले, तिला विचारायला की दुखतंय का.

ती खडकाला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून घेतलेला, ओठ सुकलेले. माझ्याकडं बघतच नव्हती. ती रांगेकडं बघत होती. रांगेकडं म्हणजे, रांगेतल्या एकाच बाटलीकडं. कडेनं दुसरी. टेस्टिंगमधली एक पोरगी बाटल्या जरा सावलीत सरकवायला वाकली, तशी आई एकदम म्हणाली, "ती नको, बाळा. तिला हात लावू नको." आणि लगेच खाली बघायला लागली.

मी हातातली खुंटी खाली टाकली. सकाळपासून मी तिला पी पी म्हणत होते आणि ती पीत होती. प्यायलेलं पाणी जाणार कुठं? तिचा तांब्या खाली, तिची संत्र्याची बाटली खाली. तिनं यातली एक नेली, आणि आणून तिच्या रीतीप्रमाणं वेगळी ठेवली, दगडापाशी, लांब. या लीडरच्या नीटनेटकेपणानं ती उचलून पुन्हा रांगेत लावली. तिनं ते बघितलं होतं. पण पाचसहा परक्या पोरांसमोर, ही मी तिकडं नेली होती, असं ती कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा तहानेनं बसली. इतरांनी तीच उचलू नये म्हणून डोळा ठेवून बसली. कळ उठली असती तरी बसलीच असती, मी ओळखते तिला.

मी जाऊन कडेची दुसरी बाटली उचलली.

"ही मी नेली होती," मी म्हटलं.

लीडर बघतच राहिला. "तू? मग इतका वेळ आमच्यावर ओरडत कशाला होतीस?"

"माझी मर्जी. आणि ही आता अशीच वेगळी राहणार. हिला पुन्हा रांगेत लावलीस तर बघ." मी केसांची तांबडी रिबन सोडली आणि बाटलीच्या गळ्याला करकचून बांधली. "झाडीत जायला पाणी लागतं. बायकांना तर लागतंच. तुझ्या हिशेबात ते धरलेलं नव्हतं, म्हणून हे झालं."

कुणी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. लीडरचे कान लाल झाले आणि तो खुंट्या मोजायला लागला. मी रांगेतली एक भरलेली बाटली आईच्या हातात दिली. तिनं मान मागं केली आणि धार धरली, थांबलीच नाही. अर्ध्याहून जास्त बाटली एका दमात. मग तोंड पुसून तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आता मला परत जावं लागंल."

"चल की." मी रिबनवाली बाटली उचलली, पदराआड नाही की सॅकमागं नाही, अशी हातात धरून, सगळ्यांच्या समोरून. चार पावलं गेलो असू, मागून आवाज आला, "थांबा ना, मी पण येते." टेस्टिंगमधली थोरली होती. तिच्या मागून दुसरी, धावतच. तिला तर रडू फुटायला आलं होतं. सकाळी घरातून निघाल्यापासून ती कुठंच गेली नव्हती. दर ट्रेकला ती असंच करते, म्हणाली.

परत आल्यावर त्या दोघी जे पाणी प्यायल्या ते बघण्यासारखं होतं. आम्ही सगळे सपाटीच्या टोकाला गेलो. खाली धरणाचं पाणी पसरलेलं होतं, ऊन उतरत होतं. आई बराच वेळ बसून राहिली. मी विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "भरायला किती घागरी लागतील हेच मनात यायलंय." आणि स्वतःशीच हसली. तिला कळ उठली नाही, त्या दिवशीही नाही आणि रात्रीही नाही.

दिवस मावळताना लीडर खिचडी टाकायला बसला आणि बाटल्या हलवून बघायला लागला. एक रिकामी, दुसरी रिकामी. खिचडीपुरतं आणि सकाळच्या घोट घोट पाण्यापुरतं उरलं होतं, त्याहून थेंब जास्त नाही. त्यानं पुन्हा सगळ्या हलवल्या. "असं कधी झालं नाही," तो म्हणाला. "दर वेळी उरतं. हिशेब चुकला कुठं?"

 मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली. सकाळी अंगणात राहू दे म्हणणारी, दुपारी तहानेनं बसून राहिलेली, तीच.

"हिशेब नाही चुकला, बाबा," ती म्हणाली. "आज आमी पाणी पिलोत."